युरिया कमी आला, म्हणजे डायलिसिस चांगले झाले?

डायलिसिस विभागात शेजारशेजारच्या पलंगांवर दोन काका आहेत असे समजू. दोघेही पन्नाशीचे, दोघांचेही वजन 60 किलो, दोघांचीही लघवी जवळजवळ बंद झालेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी दोघांची पाळी. बुधवारी सुया टोचल्यावर, मशीन सुरू करण्याआधी दोघांचे रक्त तपासायला घेतले. दाराजवळच्या काकांचा युरिया आला 95, खिडकीजवळच्या काकांचा 137.

दाराजवळच्या काकांच्या घरी समाधान आहे. डाळ बंद, दूध बंद, अंडे तर घरात येतच नाही. पथ्याचे फळ मिळाले, असे सगळ्यांना वाटते. खिडकीजवळच्या काकू मात्र रिपोर्ट वाचून गप्प झाल्या आहेत. आपल्याच हातून खायला जास्त घातले गेले का, हा प्रश्न त्यांना छळतो आहे.

खरी काळजी करावी ती दाराजवळच्या काकांची. त्यांचे डायलिसिस अपुरे पडते आहे आणि शरीरही उपाशी आहे. या दोन्ही गोष्टी त्या 95 च्या आड लपल्या आहेत. रक्तातला युरियाचा आकडा दोन वेगळ्या गोष्टींतून तयार होतो: शरीरात युरिया किती वेगाने बनतो, आणि डायलिसिस तो किती जोमाने काढते. एका आकड्यावरून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. त्या वेगळ्या करण्याचे एक गणित आहे आणि ते दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला समजेल इतके सोपे आहे. दर आठवड्याला आपल्या माणसाला डायलिसिसला घेऊन जाणाऱ्या प्रत्येक घरात ते माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

युरिया बनतो कशातून

आपण खातो त्या प्रथिनांत, म्हणजे डाळी, दूध, अंडी, मासे, मटण यांतल्या प्रोटीनमध्ये, नायट्रोजन असतो. वजनाच्या साधारण 16 टक्के. शरीर रोज जुनी प्रथिने मोडते आणि नवी बांधते. या मोडतोडीत उरलेल्या नायट्रोजनपासून अमोनिया होतो. अमोनिया मेंदूला घातक. म्हणून यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि हा युरिया मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थांबली तरी यकृताचे काम चालूच राहते, आणि युरिया साठत जातो.

खिडकीजवळचे काका दिवसाला 60 ग्रॅम प्रथिने खातात. त्यात 9.6 ग्रॅम नायट्रोजन आला. थोडा शौचावाटे आणि इतर रूपांत जातो. उरलेल्याचा साधारण साडेसोळा ग्रॅम युरिया होतो. तो रक्तापुरता राहत नाही, शरीरातल्या सगळ्या पाण्यात पसरतो. 60 किलोच्या पुरुषाच्या शरीरात असे 35 लिटर पाणी असते. साडेसोळा ग्रॅम 35 लिटरमध्ये विरघळवला की रक्तातला आकडा रोज 47 ने चढतो. (प्रयोगशाळेचा आकडा 100 मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम, असा असतो.) दाराजवळचे काका जेमतेम 35 ग्रॅम प्रथिने खातात. त्यांचा युरिया दिवसाला 8 ग्रॅम बनतो आणि आकडा रोज 23 ने चढतो, म्हणजे निम्म्याच वेगाने.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. माणूस पोटभर जेवला नाही, ताप आला, जंतुसंसर्ग झाला, की शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवते, आणि त्यातूनही युरिया बनतो. तेव्हा युरिया वाढलेला दिसला म्हणजे जेवण जास्त झाले, असेही नेहमी नसते.

हौदाचा हिशेब

आता निचऱ्याकडे येऊ. अंगणात 35 लिटरचा एक हौद आहे. त्यात वरून नीळ थेंब थेंब पडते आहे. एक पंप हौदातले पाणी ओढतो, गाळणीतून नेतो आणि स्वच्छ झालेले पाणी पुन्हा त्याच हौदात सोडतो. शरीर आणि डायलिसिस यांची मांडणी नेमकी अशीच आहे. गाळलेले रक्त वेगळे साठवून ठेवता येत नाही, ते परत शरीरातच जाते.

गाळणी दर मिनिटाला 200 मिली पाणी पूर्ण स्वच्छ करते असे धरू. चार तासांत, म्हणजे 240 मिनिटांत, 48 लिटर पाणी गाळून झाले. हौद 35 लिटरचा आहे, म्हणजे सगळा हौद एकदा गाळून वर आणखी तेरा लिटर झाले. मग नीळ संपायला हवी होती. ती संपत नाही. स्वच्छ पाणी हौदातल्या निळ्या पाण्यात मिसळते आणि गाळणीकडे येणारे पाणी उत्तरोत्तर फिके होत जाते. पहिल्या तासात पंप जेवढी नीळ काढतो त्यापेक्षा बरीच कमी चौथ्या तासात निघते, पंपाची मेहनत मात्र तेवढीच.

अशा वेळी मोजायचे काय, तर एकूण गाळलेले पाणी हौदाच्या किती पट झाले. 48 भागिले 35, म्हणजे 1.37. डायलिसिस विभागात ज्याला ‘केटी बाय व्ही’ म्हणतात ते हेच. के म्हणजे दर मिनिटाला स्वच्छ होणारे रक्त, टी म्हणजे मिनिटे, व्ही म्हणजे शरीरातले पाणी. हे गुणोत्तर 1 असेल तर शेवटी 37 टक्के युरिया मागे राहतो. 1.2 ला 30 टक्के, 1.4 ला 25 टक्के आणि 2 ला 14 टक्के. आकडा वाढवत नेला तरी शून्य कधीच येत नाही.

खिडकीजवळच्या काकांचा युरिया 137 वरून 34 वर येतो. दाराजवळच्या काकांचा फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी, क्षीण आहे, रक्ताचा वेग वाढवला की मशीनचा अलार्म वाजतो, आणि घर लांब असल्याने ते तीन तासांतच उठतात. त्यांच्या वाट्याला मिनिटाला 155 मिलीच्या हिशेबाने 28 लिटर येतात. 28 भागिले 35, म्हणजे 0.8. त्यांचा युरिया 95 वरून फक्त 43 वर येतो. डायलिसिस संपताना पाहिले तर आकड्यांचा क्रम उलटलेला असतो.

आपल्याकडच्या आहाराच्या समजुतींचा इथे मोठा घोळ होतो. डायलिसिस सुरू होण्याआधी, मूत्रपिंडे जेमतेम चालत असताना, डॉक्टर प्रथिने कमी करायला सांगतात. ते तेव्हा योग्यच असते. डायलिसिस सुरू झाले की सल्ला बदलतो: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने हवीत, कारण प्रत्येक डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लेही गाळणीतून निघून जातात. कित्येक घरांत मात्र जुने पथ्यच वर्षानुवर्षे चालू राहते. युरिया कमी येतो, घरचे समाधान मानतात आणि माणूस दंडापोटऱ्यांतून झिजत जातो.

हे गणित उलट्या दिशेनेही चालवता येते. डायलिसिसनंतरचा युरिया आणि पुढच्या खेपेच्या आधीचा युरिया यांतला फरक घेतला, शरीरातल्या पाण्याने गुणला, की दोन दिवसांत किती युरिया बनला ते कळते. त्यावरून माणसाने किती प्रथिने खाल्ली, किंवा शरीरातली मोडली, हेही कळते. आहारतज्ज्ञाने न विचारता जेवणाचा अंदाज येतो.

‘पुरेसे’ म्हणजे किती

डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या नेदरलँड्समधल्या कांपेन या गावी, फिरते कृत्रिम मूत्रपिंड बनवले. सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्यांनी एका पिंपाला गुंडाळली होती आणि ते पिंप खाऱ्या पाण्याच्या टबात फिरत असे. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई बेशुद्धीतून परत आली. तिची मूत्रपिंडे पुढे पुन्हा चालू झाली, म्हणून कायमच्या डायलिसिसचा प्रश्न तिच्या बाबतीत आलाच नाही. तो प्रश्न सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी 1960 मध्ये उभा केला. त्यांनी हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसवली. एकाच माणसाला वर्षानुवर्षे डायलिसिस देता येऊ लागले, आणि मग किती दिले म्हणजे पुरे, हे ठरवणे भाग पडले.

बरीच वर्षे ते अंदाजाने ठरत होते. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1981 मध्ये आले. रुग्णांचे गट पाडून काहींचा सरासरी युरिया कमी आणि काहींचा जास्त राखला होता. जास्त युरियाच्या गटातले लोक अधिक वेळा रुग्णालयात भरती झाले. 1985 मध्ये फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी तीच माहिती पुन्हा घेऊन तिला वरचे हौदाचे गणित लावले. केटी बाय व्ही 0.8 च्या खाली असलेल्यांची प्रकृती वारंवार बिघडत होती, 1 च्या आसपास पोचलेल्यांची बरीच कमी. आणि कमी खाणाऱ्यांचा युरिया कमी असूनही त्यांचे हाल होत होते. आपले दाराजवळचे काका याच रांगेत बसतात.

आज आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर दर खेपेला किमान 1.2, आणि मनात ध्येय 1.4, असे धरतात. सोपा ठोकताळा हवा असेल तर युरिया किमान 65 टक्क्यांनी उतरला पाहिजे. नुसत्या हौदाच्या गणिताने 65 टक्के म्हणजे 1.05 येतात, मग 1.2 कसे? कारण चार तासांतही यकृत युरिया बनवतच असते, आणि अंगात साठलेले दोन-तीन लिटर पाणी मशीन ओढते तेव्हा त्या पाण्याबरोबरही युरिया जातो. या दोन्हींचा मेळ घालणारे सूत्र जॉन डॉगिर्डास यांनी 1993 मध्ये दिले आणि बहुतेक विभागांत तेच वापरतात.

मशीन थांबल्यावर

डायलिसिस संपताना खिडकीजवळच्या काकांचा युरिया 34 आहे. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा रक्त घेतले तर तो 40 च्या घरात गेलेला दिसतो. इतक्या वेळात एवढा युरिया बनत नाही. मग हा आला कुठून?

आपण शरीराला एक हौद मानले, पण प्रत्यक्षात हौद दोन आहेत आणि मध्ये अरुंद नळी आहे. मेंदू, यकृत, आतडी यांना रक्त भरपूर मिळते, तिथला युरिया चटकन येऊन गाळणीत जातो. स्नायू आणि त्वचा यांना पडून राहिलेल्या माणसात रक्त कमी मिळते, आणि शरीरातले बरेचसे पाणी तर तिथेच असते. तिथला युरिया मागे राहतो आणि मशीन थांबल्यावर हळूहळू रक्तात उतरतो. डायलिसिस जितके घाईचे, तितकी ही उसळी मोठी. म्हणून तेवढाच केटी बाय व्ही तीन तासांत जोरात मिळवण्यापेक्षा चार-साडेचार तासांत मिळवणे केव्हाही चांगले.

रक्त कसे घेतले यावरही सगळा हिशेब अवलंबून आहे. फिस्टुला नीट चालत नसेल तर गाळून परत आलेले रक्त दुसऱ्या सुईतून तसेच पुन्हा मशीनकडे ओढले जाते. अशा वेळी नमुना घेतला तर युरिया खोटा कमी दिसतो आणि डायलिसिस उत्तम झाल्याचा भास होतो. त्यासाठी शेवटी रक्ताचा पंप मिनिटाला 100 मिलीपर्यंत हळू करून, पंधरा सेकंद थांबून मगच नमुना घ्यायचा असा नियम आहे.

| रिपोर्ट हातात आला की हे पाहा |
|---|
| डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही युरिया एकाच दिवशीचे हवेत. एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. |
| आधीच्या आकड्यातून नंतरचा वजा करा, आधीच्या आकड्याने भागा, 100 ने गुणा. उत्तर 65 च्या खाली असेल तर तसे डॉक्टरांना दाखवा आणि कारण विचारा: वेळ कमी पडला, रक्ताचा वेग कमी होता, की फिस्टुला अडतो आहे? |
| युरिया कमी, वजन आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) हेही कमी होत चालले असेल तर जेवणाविषयी आहारतज्ज्ञांशी बोला. पथ्य मनाने वाढवू किंवा सोडू नका. |

आठवड्याचे गणित

सोमवार-बुधवार-शुक्रवार या पाळीत शुक्रवारनंतर तीन दिवसांचा खंड पडतो. खिडकीजवळच्या काकांचा युरिया बुधवारी 137, शुक्रवारी 128, आणि सोमवारी सकाळी 173 असतो. युरियाबरोबर पोटॅशियम आणि पाणीही असेच चढते. अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लांब खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराच्या घटना इतर दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त आढळल्या.

महाराष्ट्रात, आणि एकूण भारतातच, कितीतरी जण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसतो, 2016 पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. तरी तालुक्याच्या गावापर्यंतचे एसटीचे अंतर, सोबत येणाऱ्याचा बुडणारा रोज, हे कोणत्याही योजनेत बसत नाही. खिडकीजवळचे काका उद्यापासून सोमवार आणि गुरुवार असे दोनदाच आले, जेवण आणि चार तास तेच राहिले, तर गुरुवारी त्यांचा युरिया 200 आणि सोमवारी 238 होईल. एक खेप सुटल्याने एवढा फरक पडतो. आणि मग बहुतेक माणसे नकळत एकच मार्ग धरतात, ते कमी खायला लागतात.

दोनदा डायलिसिसवर काही जण बरे राहतात, तेही खरे आहे. त्याचे कारण बहुधा त्यांची अजून चालू असलेली थोडी लघवी. मूत्रपिंडे मिनिटाला फक्त 3 मिली रक्त गाळत असली तरी ती रात्रंदिवस गाळतात. आठवड्यात 10,080 मिनिटे असतात, म्हणजे 30 लिटर झाले. खिडकीजवळच्या काकांना तीन खेपांत मिळून 144 लिटर मिळतात, त्याच्या पाचव्या भागाहून अधिक काम ही ‘निकामी’ मूत्रपिंडे फुकट करत असतात. (निरोगी मूत्रपिंडे आठवड्याला 1000 लिटर गाळतात.) म्हणून डायलिसिस लागले की उरलेल्या लघवीची किंमत संपते, असे कृपा करून समजू नका. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी ही शेवटची 3 मिलीही जाऊ शकते. लघवी किती होते ते अधूनमधून मोजायला हवे. ती कमी होत गेली की दोन खेपा पुरणार नाहीत.

युरियाला जे दिसत नाही

युरिया स्वतः फारसा विषारी नाही. मग त्याच्यावर एवढा भर का? तो मोजायला सोपा आहे, आणि त्याच्यासारखे छोटे, पाण्यात विरघळणारे पदार्थ किती निघाले याची तो साक्ष देतो. ही साक्ष सगळ्यांविषयी चालत नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेमो चाचणीत 1846 रुग्ण होते. अर्ध्यांना नेहमीचा डोस, अर्ध्यांना आणखी वाढवलेला. आयुर्मानात एकंदर फरक पडला नाही. तीन खेपांच्या चौकटीत युरिया आणखी जोरात काढून फायदा एका मर्यादेपर्यंतच मिळतो.

मागे राहतात ते वेगळ्या जातीचे पदार्थ. बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन युरियाच्या जवळजवळ दोनशे पट जड. जुन्या पद्धतीच्या गाळणीच्या छिद्रांतून ते जात नसे आणि वर्षानुवर्षे साठून मनगटांत, सांध्यांत घट्ट बसे. आज मोठ्या छिद्रांच्या गाळण्या आहेत. रक्तातून भरपूर पाणी ओढून त्याजागी तेवढेच शुद्ध द्रावण भरणारी हिमोडायफिल्ट्रेशन नावाची पद्धतही आहे. युरोपात झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने मृत्यूचे प्रमाण कमी केले. काही पदार्थ आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेल्या मालापासून तयार होतात, जसे इंडॉक्सिल सल्फेट. ते रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतात आणि अल्ब्युमिन गाळणीतून जात नाही, त्यामुळे मोकळा असेल तेवढाच थोडा अंश निघतो.

सर्वांत अवघड हिशेब फॉस्फरसचा. डायलिसिस सुरू झाले की पहिल्या तास-दीड तासात तो भराभर उतरतो आणि मग थांबतो. पुढे मशीन चालू असूनही रक्तातला आकडा जवळपास तिथेच राहतो, कारण पेशी आणि हाडे यांतून फॉस्फेट सारखे रक्तात येत असते. त्याचा मोठा साठा रक्ताबाहेर आहे. चार तासांच्या एका खेपेत साधारण 800 ते 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो, तीन खेपांत फार तर 3000. पुरेशी प्रथिने खाणाऱ्या माणसाच्या आतड्यातून आठवड्याला याहून बराच जास्त फॉस्फरस रक्तात जातो. तफावत भरून काढायला फॉस्फेट बाइंडरच्या गोळ्या असतात. त्या आतड्यात अन्नातल्या फॉस्फेटला पकडून ठेवतात, म्हणून त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या. जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली गोळी वाया गेली.

वेग वाढवून फॉस्फरस फारसा निघत नाही, वेळ वाढवून मात्र निघतो. फ्रान्समधल्या तासँ या गावच्या केंद्राने अनेक वर्षे आठवड्यातून तीनदा आठ-आठ तासांचे डायलिसिस दिले आणि तिथल्या बहुतेक रुग्णांचा रक्तदाब गोळ्यांशिवाय ताब्यात राहिला. घरीच, झोपेत, रोज रात्रभर संथ डायलिसिस घेणाऱ्यांचा फॉस्फरस तर इतका निघतो की त्यांच्या बाइंडर गोळ्या बंद होतात आणि कित्येकांच्या डायलिसिसच्या द्रावणात उलट फॉस्फेट मिसळावे लागते.